पावसात चढणारं, उन्हात उतरणारं रिडिंग: प्रेशर ट्रान्समीटर बदलण्याआधी हे तपासा

मृग लागला की आमच्या समुद्राच्या पाण्याच्या पंपहाउसमधला एक प्रेशर ट्रान्समीटर, आमच्या भाषेत पीटी, आजारी पडतो. पंपांच्या डिस्चार्ज हेडरवर, म्हणजे सगळ्या पंपांचं पाणी जिथे एकत्र येतं त्या पाइपवर बसवलेला, ०–६ बार रेंजचा, साधा दोन तारांचा, ४–२० मिलिअँपिअरवाला, म्हणजे शून्य दाबाला ४ आणि ६ बारला २० मिलिअँपिअर करंट पाठवणारा. पाऊस सुरू होऊन आठ-दहा दिवस झाले की रिडिंग हळूहळू वर चढतं. आधी ०.०५ बार, मग ०.०८, एखाद्या ओल्या रात्री ०.१. दुपारी कडक ऊन पडलं की मुकाट्यानं जागेवर. संध्याकाळी पुन्हा वर. कंट्रोल रूममधून फोन यायचा, "सर, तुमचा पीटी परत चढला," आणि मी जाईपर्यंत तो उतरलेला असायचा.

तीन पावसाळे हे चाललं. पहिल्या वर्षी आम्ही झीरो ट्रिम केला, म्हणजे त्याचा शून्याचा आकडा सरकवून घेतला, रिडिंग बरोबर आलं, सगळे खूश. ऑक्टोबरच्या उन्हात तेच रिडिंग कमी दाखवायला लागलं, म्हणून झीरो पुन्हा मागे घेतला. दुसऱ्या वर्षी ट्रान्समीटर बदलला. तिसऱ्या वर्षीही बदलला. काढलेले दोन्ही 'फॉल्टी' अशी चिठ्ठी लावून स्टोअरमध्ये ठेवले. चिठ्ठीवरच्या सह्या माझ्याच आहेत, तेव्हा दुसऱ्या कुणाला बोल लावायची सोय नाही.

तिसऱ्या वर्षीच्या मीटिंगमध्ये वरिष्ठांनी विचारलं, "अणुवीज केंद्रात लावतात तसला ट्रान्समीटर का घेत नाही? तो वाफेत टिकतो, किरणोत्सर्गात टिकतो. आपल्या पावसाचं त्याला काय?" प्रश्न रास्त होता. किंमत कित्येक पट आणि डिलिव्हरीची वाट बघत एक पावसाळा आणखी जाणार, हा भाग वेगळा. उत्तर द्यायचं म्हणून मी त्या ट्रान्समीटरची माहितीपत्रकं आणि बसवण्याच्या सूचना वाचायला बसलो, आणि आमचा दोष तिथेच सापडला. म्हणजे दोष कुठे शोधायचा ते कळलं. प्रत्यक्षात तो सापडला पंपहाउसच्या भिंतीवर.

अणुदर्जाचा म्हणजे नेमका काय?

अणुकेंद्रातल्या सुरक्षेशी संबंधित उपकरणांची पात्रता तपासायला आयईईई या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेचं ३२३ हे मानक आहे. १९७४ ची त्याची आवृत्ती या धंद्यात अजून संदर्भाला घेतात. त्यातली गंमत क्रमात आहे. एकच नमुना घ्यायचा. आधी त्याला उष्णता देऊन म्हातारा करायचा, मग किरणोत्सर्ग द्यायचा, मग भूकंपाच्या टेबलावर हलवायचा आणि एवढं सोसून झाल्यावर त्यालाच अपघाताच्या चेंबरमध्ये घालायचा. रिअॅक्टरची नळी फुटली तर इमारतीत जशी वाफ भरेल तशी वाफ, शंभर अंशांच्या बरीच वर, आणि काही ठिकाणी रासायनिक फवारासुद्धा. त्यातून रिडिंग ठरलेल्या मर्यादेत राहिलं तर तो पास.

पण चेंबरमध्ये ट्रान्समीटर उघड्या भोकानं ठेवत नाहीत. केबल जिथून आत शिरते तिथे पात्रता मिळालेलं सील लावतात, आणि प्रत्यक्ष केंद्रातही तसंच सील लावलं तरच ती पात्रता धरायची. झाकण उघडलं की ओ-रिंग नवी. झाकण किती टॉर्कनं आवळायचं तेही लिहिलेलं. न वापरलेल्या भोकाला धातूचाच प्लग. कसोटी लागते ती सगळ्या जोडणीची, ट्रान्समीटर त्यातला एक भाग.

हे वाचताना मला आमच्या पीटीचं दुसरं, केबल नसलेलं भोक आठवलं. कारखान्यातून येताना जी लाल प्लास्टिकची टोपी असते, ती तीन वर्षं तशीच होती. प्रत्येक नव्या ट्रान्समीटरला नवी टोपी, एवढाच काय तो फरक.

मोजायचं काय

हात लावण्याआधी एक: तुमच्या ट्रान्समीटरवर ट्रिप किंवा इंटरलॉक (रिडिंग बघून यंत्र आपोआप बंद करणारी किंवा अडवणारी जोडणी) आहे का ते लॉजिकच्या ड्रॉइंगमध्ये बघा, ऑपरेटरच्या स्मरणशक्तीवर सोडू नका. असेल तर बायपासचं परमिट लेखी घ्या. अणुकेंद्रात एकाच गोष्टीला तीन-तीन चॅनेल असतात आणि तपासणी एका वेळी एकाचीच होते. आपल्याकडे बहुतेक एकच असतो, म्हणून जास्त जपायचं.

मग पाऊस पडत असताना, रिडिंग चढलेलं असताना जा. कोरड्या दुपारी तपासून काही मिळत नाही, तीन वर्षं आम्ही तेच करत होतो.

तीन आकडे एकाच वेळी लागतात. पहिला, हार्ट कम्युनिकेटरवर (त्याच दोन तारांवरून ट्रान्समीटरशी बोलणारं हातातलं यंत्र) ट्रान्समीटर स्वतः किती मिलिअँपिअर देतोय म्हणतो तो. दुसरा, ट्रान्समीटरच्या तोंडाशी तार सोडवून मालिकेत लावलेल्या मीटरचा. तिसरा, कंट्रोल रूमच्या पॅनेलमध्ये तसाच लावलेल्या मीटरचा. त्या रात्री आमचे आकडे असे होते: हार्टवर १०.४०, तोंडाशी १०.६२, पॅनेलला १०.६२.

१०.४० म्हणजे ४० टक्के, म्हणजे २.४ बार. शेजारचा डायल गेजही २.४ च्या आसपासच होता. सेन्सर खरं बोलत होता. वरचे ०.२२ मिलिअँपिअर बाहेरून मिसळत होते. १६ मिलिअँपिअरला ६ बार, तर ०.२२ ला ०.०८ बार. रोजच्या तक्रारीचा आकडा हाच.

दोन तारांच्या ट्रान्समीटरमध्ये आतलं सर्किट आपल्यातून जाणारा करंट मोजून तो बरोबर ठेवतं. पण त्याच्या प्लस आणि मायनस टर्मिनलच्या मध्ये ओलाव्याची वाट तयार झाली, तर त्या वाटेनं जाणारा करंट सर्किटला दिसतच नाही. पॅनेलला मात्र दोन्हींची बेरीज दिसते. म्हणून गळती नेहमी रिडिंग वर नेते. टर्मिनलवर २१ व्होल्ट होते. २१ भागिले ०.२२ मिलिअँपिअर, म्हणजे साधारण ९५ किलो-ओमची गळती. कोरड्या टर्मिनलमध्ये मीटर जिथे टोकाला जाऊन बसतो, तिथे ९५ किलो-ओम!

ही गळती दाबावर फारशी अवलंबून नसते, टर्मिनलच्या व्होल्टेजवर असते. दाब कमी असो वा जास्त, चूक जवळजवळ तेवढीच. त्यामुळे ती अगदी झीरो सरकल्यासारखी दिसते, आणि म्हणूनच झीरो ट्रिम केल्यावर 'बरं' वाटतं. पावसाळ्यात ट्रिम करून आम्ही गळतीचा आकडा ट्रान्समीटरच्या डोक्यात कोरून ठेवत होतो. ऑक्टोबरमध्ये गळती सुकायची, कोरलेलं तेवढं राहायचं.

आता आकड्यांचा अर्थ. पॅनेलला जास्त आणि तोंडाशी हार्टइतकाच असेल, तर गळती मधल्या केबलमध्ये किंवा जंक्शन बॉक्समध्ये. पॅनेल आणि तोंड दोन्ही जास्त आणि हार्ट कमी असेल, तर ट्रान्समीटरच्याच टर्मिनलच्या खोलीत. आमचं दुसरं होतं. इथे एक शंका उरते, की करंटचं आउटपुट ट्रिमच चुकलेलं असेल. पण ट्रिमची चूक ऊन बघून पळत नाही. तिन्ही आकडे सारखे आणि तरी रिडिंग चूक असेल, तर मात्र खाली इम्पल्स लाईनकडे, म्हणजे पाइपमधला दाब ट्रान्समीटरपर्यंत आणणाऱ्या बारीक नळीकडे जा, इथे वेळ घालवू नका.

केबलवर संशय असेल तर मेगर (जास्त व्होल्ट देऊन इन्सुलेशन तपासणारा मीटर) लावायचा, पण दोन्ही टोकं सोडवून. ट्रान्समीटर आणि पॅनेलचं कार्ड जोडलेलं असताना ५०० व्होल्टचा मेगर फिरवला की एक दोष शोधताना दोन नवे तयार होतात. किती ओम चांगले म्हणायचे? २० व्होल्टला १ मेगा-ओम म्हणजे ०.०२ मिलिअँपिअर, स्पॅनच्या (४ ते २० मधल्या १६ मिलिअँपिअरच्या) ०.१२५ टक्के. ट्रान्समीटर ०.१ टक्का अचूकतेचा घ्यायचा आणि केबलनं तेवढं खाऊन टाकायचं, यात अर्थ नाही. मी १० मेगा-ओमच्या खाली समाधान मानत नाही.

अणुकेंद्रातली माणसं यात आपल्या दोन पावलं पुढे आहेत. अपघाताच्या वाफेत केबल, टर्मिनल आणि सील यांचं इन्सुलेशन किती खाली येईल आणि त्यामुळे रिडिंग किती सरकेल, याचा हिशेब ते ट्रिपचा आकडा ठरवतानाच धरतात. म्हणजे आमचे ०.०८ बार त्यांच्या कागदावर आधीच लिहिलेले असते.

पाणी कुठून आलं

झाकण उघडलं. पाणी साचलेलं नव्हतं. टर्मिनलच्या पट्टीवर पांढरट पापुद्रा आणि स्क्रूला हिरवट कड, बस्स. मी ग्लँड, म्हणजे केबल आत शिरते तिथे तिला आवळणारा जोड, बघितला, घट्ट होता. झाकणाचा आटा बघितला. वर पत्र्याची छत्रीही होती. मग पाणी आलं कुठून? आमचे मालवणचे हेल्पर काका टॉर्च धरून उभे होते. ते म्हणाले, "साहेबानु, पाणी वरसून येणा नाय, पायपातसून येता. ह्यो पायप नाय, पागोळी आसा."

कंड्युट, म्हणजे केबलचा पाइप, वरच्या केबल ट्रेपासून भिंतीवरून सरळ खाली येऊन ट्रान्समीटरला भिडलेला होता. वरचं टोक ट्रेजवळ उघडं. पावसाचं पाणी आणि रात्रीचं दव पाइपच्या आतून उतरत होतं, आणि सगळ्यात खालची जागा म्हणजे आमच्या ट्रान्समीटरची टर्मिनलची खोली. ग्लँड केबलला बाहेरून घट्ट धरतो. केबलच्या आर्मरमधून (तारांच्या चिलखतातून) किंवा पाइपमधून आतल्या आत येणाऱ्या पाण्याचं त्याला सोयरसुतक नसतं. कौलारू घरात पागोळ्या बघत वाढलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. इंजिनिअरिंगची पदवी घेतलेल्याला लागलं.

दुसरी वाट त्या लाल टोपीची. दुपारी ट्रान्समीटरचं धातूचं घर तापतं, आतली हवा बाहेर जाते. संध्याकाळी सर आली की घर झटकन थंड होतं आणि बाहेरची हवा आत ओढली जाते, दमट आणि खारी. रोज एक श्वास. वर्षभर असे श्वास घेतले की टर्मिनलवर मिठाचा थर बसतो.

आणि उन्हात रिडिंग उतरतं त्याचं कारण हा मिठाचा थर. साधं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतलं पाणी ओढून स्वतः विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात, ते तर त्याच्याही बरंच आधी ओलावतात. जुलैत कोकणात रात्रंदिवस हवा त्याच्या वर असते. बरणीतलं मीठ पाणी सुटून ओलं होतं, तेच टर्मिनलवर होतं, आणि मिठाचं पाणी वीज नेतं. पाण्याचा थेंबही आत न जाता गळती सुरू. दुपारी घर तापून आतली हवा कोरडी झाली की थर सुकतो, गळती थांबते आणि फोनवर बोलावलेला माणूस रिकाम्या हातानं परत जातो.

दुरुस्ती

कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारून भागत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलनंही नाही, कारण मीठ अल्कोहोलमध्ये जवळजवळ विरघळतच नाही. चमक येते, मीठ तिथेच राहतं. सप्लाय बंद करून, तारा सोडवून, टर्मिनलची पट्टी आधी डीएम (क्षार काढलेल्या) पाण्यात भिजवलेल्या ब्रशनं दोनदा धुतली, मग अल्कोहोलनं ते पाणी काढलं, मग गार हवेचा ब्लोअर. धुतल्यावर पट्टीवर मेगर लावायचा मोह होतो. सर्किट पट्टीला जोडलेलं असेल तर आवरा.

कंड्युट ट्रान्समीटरपासून तोडला. केबल खाली उतरवून तिला यू आकाराचा झोल दिला आणि मग खालून वर आत घेतली, म्हणजे पाणी झोलाच्या तळाशी टपकून जातं. पाइपच्या सगळ्यात खालच्या जागी टी लावून तळ उघडा ठेवला. आत शिरण्याच्या जागी भरण्याचं कंपाउंड असलेला बॅरिअर ग्लँड लावला. दुसऱ्या भोकाला स्टेनलेस स्टीलचा प्लग. ओ-रिंग नवी, तिला सिलिकॉन ग्रीसचा हात आणि झाकण धातूला धातू लागेपर्यंत.

सिलिकॉनवरून आठवलं. बाथरूमच्या फटी बुजवायला मिळतं ते, व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन टर्मिनलच्या जवळपास वापरू नका. सुकताना त्यातून अॅसेटिक अॅसिड सुटतं आणि बंद डब्यात ते तांब्याला खातं. न्यूट्रल प्रकारचं मिळतं, ते घ्या. आमच्या जुन्या जंक्शन बॉक्समधला हिरवा गंज पावसाचा नव्हता, आमच्या सीलिंगच्या उत्साहाचा होता.

सगळं झाल्यावर झीरो. पण तोही मॅनिफोल्डमध्ये (ट्रान्समीटरजवळच्या व्हॉल्व्हच्या ठोकळ्यात) आयसोलेट करून, व्हेंट उघडून, खऱ्या शून्यावर. कंट्रोल रूमचा आकडा बघून कधीच नाही.

चढ-उतार उलटा असेल तर

आमच्या डीएम टाकीच्या लेव्हलचं दुखणं वेगळं होतं. दुपारी पातळी खाली, पहाटे वर, आणि तेही भर उन्हाळ्यात. तिन्ही करंट सारखे. टाकी वरून उघडी, म्हणून ट्रान्समीटरची लो बाजू, म्हणजे जिच्या तुलनेत तो पाण्याचा दाब मोजतो ती, हवेला मोकळी सोडलेली. त्या भोकात कुंभारीण माशीनं चिखलाचं घर बांधलेलं होतं. हवा आत कोंडली गेली. कोंडलेल्या हवेचं तापमान १० अंशांनी वाढलं तर तिचा दाब सुमारे ३.४ किलोपास्कल वाढतो, म्हणजे जवळजवळ ३४५ मिलिमीटर पाणी. दुपारी टाकीतून एक फुटाहून जास्त पाणी कागदोपत्री नाहीसं व्हायचं. घर काढलं, भोकाचं तोंड खाली करून जाळीचा व्हेंट लावला. हेच भोक वर तोंड करून असेल तर पावसात त्यात पाणी भरतं आणि पाण्याचा खांब लो बाजूला बसतो. रिअॅक्टरच्या इमारतीत बाहेरपेक्षा किंचित कमी दाब राखतात, तो पाण्याच्या मोजक्या मिलिमीटरांत मोजतात. तिथे ही माशी किती महाग पडेल याचा विचार करा.

रिडिंग सरकत नाही, गोठतं

चालू पंपाच्या हेडरवरचं रिडिंग कधीच सरळ रेषा नसतं, थोडं थरथरतं. ट्रेंडमधली थरथर कमी होत गेली की समजा, इम्पल्स लाईन बुजते आहे. समुद्राच्या पाण्यात गाळ आणि कालवांची पिल्लं दोन्ही येतात. ड्रेन उघडून पाण्याच्या जोरानं लाईन झोडपली की पुन्हा चालते. टॅपिंग (लाईन पाइपला जोडली जाते ती जागा) पाइपच्या तळाला असेल तर ते बाजूला न्या, नाहीतर दर महिन्याला झोडपत बसा.

लाईन मोकळी असूनही थरथर गेली आणि झीरो एकाच दिशेनं सरकत राहिला, तर मात्र ट्रान्समीटर खरंच गेलेला असू शकतो. सेन्सरच्या आतलं तेल गळत असतं. १९९० च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या अणुनियामक आयोगानं याच दोषावर बुलेटिन ९०-०१ काढलं होतं. अणुदर्जाच्या काही ट्रान्समीटरांत भरलेलं तेल कमी होत होतं, ते सुस्त झाले होते आणि वरकरणी ठीक दिसत होते. वरिष्ठांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला इथेच मिळालं.

बॉयलर ड्रमवर पाण्यानं भरलेली रेफरन्स लेग, म्हणजे पातळीची तुलना करायला ठेवलेली उभी नळी, असेल तर तीही बघा. त्यातलं पाणी कमी झालं की फरकाचा दाब घटतो आणि पातळी खरी असते त्याहून जास्त दिसते. २०११ मध्ये फुकुशिमाच्या एक नंबर रिअॅक्टरमध्ये हेच झालं. लेगमधलं पाणी उडून गेलं आणि इंधन उघडं पडलेलं असताना मीटर पातळी बरी दाखवत राहिला. आपल्याकडे बहुतेक वेळा कारण एवढं मोठं नसतं, गळका फेरुल (ट्यूबच्या जोडातली कडी) असतो. खाऱ्या हवेत ३०४ जातीच्या स्टेनलेस ट्यूबला क्लँपच्या खाली आधी खड्डे पडतात, म्हणून क्लँप सोडवून खालची बाजू बघा, वरून चकचकीत दिसते. आम्ही नवीन ट्यूबिंग ३१६ चं घेतो, आणि क्लँप तरीही सोडवून बघतो.

अणुदर्जाचा ट्रान्समीटर शेवटी घेतला नाही. त्यातला बराच पैसा किरणोत्सर्गासाठी असतो. हल्लीच्या स्मार्ट ट्रान्समीटरमधले बारीक चिप किरणोत्सर्गात लवकर मरतात, म्हणून तिथे अॅनालॉग सर्किटं जास्त टिकून आहेत. टेफ्लॉन टेपसुद्धा त्या भागात चालत नाही, किरणोत्सर्गात त्याचा भुगा होतो. आमच्या पंपहाउसमध्ये किरणोत्सर्ग नाही, पागोळी आहे. तो घेतला असता आणि त्याच कंड्युटला जोडला असता, तर चौथ्या जूनमध्ये तोही चढला असता. उत्तर कोकणात तारापूरची केंद्रं १९६९ पासून याच खाऱ्या वाऱ्यात आहेत, तेव्हा वाऱ्याला दोष देण्यात अर्थ नव्हता.

या वर्षी मृगानंतर तिसऱ्या आठवड्यात, रात्री दोन वाजता, मुसळधार पावसात तिन्ही आकडे घेतले: १०.४०, १०.४०, १०.४१. स्टोअरमधले दोन 'फॉल्टी' ट्रान्समीटर बेंचवर लावून बघितले. दोघेही ठणठणीत निघाले, फक्त आम्हीच केलेला झीरो तेवढा सरकलेला होता. एक आता डीएम टाकीवर आहे. दुसरा स्पेअर म्हणून ठेवलाय, चिठ्ठी काढून, आणि लाल टोपीही काढून.